गावशिवेचे जाणकार: करवीर संस्थानातील अस्पृश्य, पाणी आणि शिक्षण (१८९४–१९२२)

अमेरिकेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे मातीशी असलेले नाते मराठी वाचकाला बऱ्यापैकी परिचयाचे आहे, आणि त्याचे श्रेय मुख्यतः १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या चरित्राकडे जाते. गुलामगिरीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये अलाबामातील टस्कीगी संस्थेत दाखल झाला, वर्षानुवर्षे एकट्या कापसाच्या लागवडीने कस गमावलेली जमीन भुईमूग, चवळी आणि रताळी यांच्या फेरपालटाने त्याने सुधारून दाखवली, आणि १९०६ पासून गाडीवर थाटलेली फिरती शाळा खेडोपाडी नेऊन हे ज्ञान निरक्षर कुळांपर्यंत पोहोचवले, हे शाळकरी मुलांनाही सांगता येते. या चरित्रातून वाचकाला नकळत एक गोष्ट उमगते, ती अशी की जमिनीचे सर्वांत जवळचे ज्ञान ज्यांच्याकडे होते त्यांच्याच नावावर जमीन नव्हती. मात्र हीच दृष्टी स्वतःच्या मुलखाकडे वळवण्याची सवय मराठी शिक्षणाला फारशी लागलेली नाही. राजर्षी शाहू छत्रपतींचे अस्पृश्योद्धाराचे कार्य इतिहासात, राधानगरीचे धरण भूगोलात आणि बाभूळ-हिरडा वनस्पतिशास्त्रात अशी वाटणी सहसा होऊन जाते, आणि त्यामुळे करवीर म्हणजेच कोल्हापूर संस्थानातील एका मोठ्या उलथापालथीची निम्मी बाजू झाकलेलीच राहते.

अमेरिकेशी तुलना करण्याची कल्पना मुळीच नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला, तेव्हाच शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि आफ्रिकेतून पळवून आणलेल्यांची स्थिती त्यांनी एका मापाने मोजली होती. याच जोतीरावांनी त्यापूर्वी, १८६८ मध्ये, पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, आणि १८८३ मध्ये लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पावसाबरोबर वाहून जाणारी माती, ती अडवण्यासाठी घालावयाचे ताल आणि बांध, तसेच जंगल खात्याने तोडलेली गुरचराई यांचा विचार मांडला होता. हौद, माती आणि कुरण हे तिन्ही प्रश्न त्यांच्या लेखी एकाच अन्यायाचे होते. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचे काम १९११ पासून कोल्हापुरात नव्या जोमाने सुरू झाले आणि ही विचारसरणी संस्थानच्या कारभारात उतरण्यास अनुकूल भूमी तयार झाली. अर्थात वर्ण आणि जात, किंवा खरेदी-विक्रीची गुलामी आणि वतनाची बांधिलकी, या एकच गोष्टी नव्हेत. गुलामाला जमिनीपासून तोडून बाजारात उभे केले जाई, तर वतनदार महाराला जमिनीच्या तुकड्याशीच पिढ्यान्‌पिढ्या जखडून ठेवले जाई.

हे जखडणे नेमके कसे होते हे समजल्याशिवाय पुढील घटनांचे महत्त्व ध्यानात येत नाही. गावच्या बलुतेदारीत महार हा वतनदार नोकर होता. वेसकर म्हणून वेशीवर पहारा करणे, तराळ म्हणून सरकारी टपाल आणि सामान पुढच्या गावी पोहोचवणे, आलेल्या अंमलदारासाठी लाकूडफाटा आणणे, खळ्यावरील धान्याची राखण करणे, मयताची वार्ता परगावी नेणे आणि मेलेली जनावरे ओढून नेणे ही कामे त्याच्याकडे असत. मोबदल्यात हाडकी-हाडोळा या नावाने ओळखली जाणारी थोडी इनामी जमीन, सुगीचे बलुते आणि परंपरेने सांगितले जाणारे बावन्न हक्क मिळत. इनामी जमिनीवर पूर्ण शेतसाऱ्याऐवजी जुडी नावाचा कमी सारा आकारला जाई, आणि या सवलतीच्या बदल्यात वतनदाराच्या घरातील कोणालाही कोणत्याही वेळी कामाला बोलावता येत असे. जमिनीचा तुकडा वाटण्या होत होत लहान होत जाई, परंतु त्यावरील सेवेचे ओझे मात्र वाटले जात नसे, हे या व्यवस्थेतील खरे गणित होते.

या सक्तीच्या सेवेतून एक विलक्षण ज्ञान साठत गेले. रात्री-अपरात्री शिवारातून फिरणाऱ्या, घुंगरांची काठी घेऊन पुढच्या गावाची वाट तुडवणाऱ्या माणसाला गावची शीव कोणत्या ओढ्याने वळते, कोणता दगड हललेला आहे, कोणते झाड जुन्या वहिवाटीची खूण आहे, याची इतकी बारीक माहिती असे की दोन गावांच्या हद्दीचा वाद उभा राहिला म्हणजे महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. ज्याला गावात राहण्याची मुभा नव्हती त्यालाच गाव कुठे संपते हे ठाऊक होते. त्याची वस्ती गावकुसाबाहेर आणि पुष्कळ ठिकाणी पूर्वेला असे. वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, तेव्हा महारवाड्यावरून आलेली झुळूक गावावर येऊ नये हा त्यामागचा हेतू दलित लेखकांनी वारंवार दाखवून दिला आहे. म्हणजे वाऱ्याची दिशा आणि पाण्याचा उतार हे निसर्गाचे घटकही जातीच्या नकाशात आपापल्या जागी बसवलेले होते.

महारांप्रमाणेच मांग, चांभार आणि ढोर या जातींकडेही निसर्गातील वस्तू कामाला लावण्याचे कसब होते. कातडे कमावणारा ढोर प्रथम कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवी, केस आणि आतले मांस खरवडून काढी, मग बाभळीची साल आणि सह्याद्रीच्या रानातला हिरडा यांचा काढा तयार करून कातडे पिशवीसारखे शिवी, त्यात तो काढा भरून ती पिशवी टांगून ठेवी आणि झिरपून खाली आलेला काढा पुनःपुन्हा आत ओतीत राही. कोल्हापुरी वहाणेचा टणकपणा या सालीतून येतो. याच कातड्याची मोट शिवली जाई, आणि ती ओढण्यासाठी लागणारा जाड नाडा आणि तिच्या सोंडेला बांधावयाचा सोंदूर हे दोर मांग घायपात आणि अंबाडीच्या वाखापासून वळीत. विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीवरचे सगळे बागायत या मोटेवर चाले. अस्पृश्याने कमावलेल्या कातड्याची मोट दिवसातून शेकडो वेळा विहिरीत बुडे, तिचे पाणी थारोळ्यात पडून पाटाने उसाला जाई, थारोळ्याशी बसून बागायतदार ते ओंजळीने पीतही असे, परंतु ते कातडे कमावणाऱ्याचा पोहरा त्याच विहिरीत पडला तर विहीर बाटे. शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’ या आत्मचरित्रात याहून भेदक प्रसंग आहे: आटपाडीत तराळकी करणाऱ्या त्यांच्या वडिलांना विहिरीत सापडलेले प्रेत बाहेर काढण्यासाठी जीव धोक्यात घालून त्याच विहिरीत उतरावे लागते. पाणी भरण्यास अपात्र ठरलेला माणूस प्रेत काढण्यास मात्र बांधील होता. पर्यावरणाशी जवळीक म्हटल्यावर एरवी मनात जे सुखद चित्र उभे राहते, ते या इतिहासापुढे टिकत नाही.

कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले आणि १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले शाहू छत्रपती यांनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे हाती घेतली. त्यानंतर अवघ्या पाच-सहा वर्षांत १८९६–९७ चा दुष्काळ, मागोमाग प्लेग आणि पुन्हा १८९९–१९०० चा दुष्काळ अशी संकटांची रांग लागली. स्वस्त धान्याची दुकाने, तगाई, दुष्काळी कामे, गुरांसाठी खुली केलेली राखीव कुरणे अशा उपायांनी संस्थानाने मोठी जीवितहानी टाळण्याचा प्रयत्न केला; परंतु पाऊस सर्वांना सारखा चुकला तरी दुष्काळ सर्वांना सारखा पडत नाही, हेही याच वर्षांत दिसून आले. सार्वजनिक विहिरीवर हक्क नसलेल्या वस्तीत पाणी आधी संपते, आणि जनावरे मरू लागली म्हणजे मृत मांसावर जगण्याची पाळी याच वस्तीवर येते. पाण्याच्या प्रश्नावर राज्याने जे मोठे उत्तर शोधले ते भोगावती नदीवरील धरणाचे होते. राजकन्या राधाबाई यांच्या नावाने १९०८ मध्ये राधानगरी हे गाव वसवण्यात आले आणि धरणाचे काम सुरू झाले, पण पहिल्या महायुद्धाच्या काळात पैशाअभावी ते अर्धवट थांबले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले. या धरणाविषयी कोल्हापुरात इतके लिहिले-बोलले जाते की त्याची पुनरुक्ती येथे करण्याचे कारण नाही. त्याच काळात त्याच राजाने पाण्याच्या दुसऱ्या एका बांधाला, जातीच्या बांधाला, जे खिंडार पाडले ते येथे अधिक महत्त्वाचे आहे.

गंगाराम कांबळे यांची हकिकत कोल्हापुरात सर्वश्रुत आहे आणि तिचा शेवट, म्हणजे महाराजांनी त्यांच्या हॉटेलात घेतलेला चहा, नेहमी सांगितला जातो. तिचा आरंभ मात्र पाण्यात आहे. राजवाड्याच्या पागेत चाकरीला असलेल्या गंगाराम यांनी मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदातील पाण्याला स्पर्श केला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज त्या वेळी कोल्हापुराबाहेर होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंद्यासाठी भांडवल दिले. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून लवाजम्यासह तेथे चहा घेऊ लागले, आणि राजाने प्यालेला चहा नाकारणे दरबारी मंडळींना अवघड झाले. हौदावर मार खाल्लेल्या माणसाच्या हातचे पाणी, उकळून आणि साखर घालून, राजमार्गावर विकले जाऊ लागले. एका दुकानाने संस्थानातील विहिरी खुल्या झाल्या नाहीत हे खरे. तथापि कायद्यापूर्वी सवय मोडावी लागते, हे शाहूंना चांगले ठाऊक होते.

सवय मोडण्याचे मुख्य साधन त्यांनी शिक्षण हेच मानले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्यात आले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत इतरांबरोबर बसवण्याचा हुकूम निघाला. शाळेचा हा विस्तार आणि वतनाविषयीचे निर्णय एकाच दोन-तीन वर्षांत आले, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही. कुलकर्णी वतने १९१८ मध्ये रद्द होऊन त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमण्यात आले आणि या जागांवर प्रशिक्षण दिलेल्या अस्पृश्यांचीही नेमणूक झाली. त्याच वर्षी महार वतनांवरही निर्णय झाला: इनामी जमिनी रयतावा पद्धतीत, म्हणजे इतर शेतकऱ्यांप्रमाणे पूर्ण सारा भरून स्वतःच्या नावे धारण करावयाच्या जमिनीत, बदलण्यात आल्या, आणि त्यांच्याशी जोडलेली वंशपरंपरागत सेवा संपुष्टात आली.

महार तलाठी ही घटना समकालीनांना जितकी चमत्कारिक वाटली, तितकीच ती आजच्या अभ्यासकाला अर्थपूर्ण वाटावी. गावची शीव पायांनी ओळखणाऱ्या, पण कागदावर तिचा उल्लेख करण्याचा अधिकार नसलेल्या समाजातील माणूस आता दप्तर घेऊन बसला होता. पीकपाहणी, वहिवाट, सारा यांच्या नोंदी त्याच्या अक्षरात होऊ लागल्या. पूर्वी कुलकर्ण्याच्या लेखणीने वतनदाराची जमीन कोठेही सरकू शकत होती आणि साक्षीला उभ्या असलेल्या महाराला ते वाचताही येत नव्हते. टस्कीगीच्या फिरत्या शाळेने कुळाच्या बांधावर विज्ञान नेले. करवीरच्या सुधारणेने बांधावरील ज्ञान चावडीत आणले. दोहोंची दिशा वेगळी असली, तरी ज्ञान आणि मालकी यांतील फारकत मिटवण्याचा प्रयत्न दोहोंत आहे. इतके असूनही करवीरच्या प्रयोगाला शिक्षणाच्या इतिहासात वसतिगृहांच्या यादीपलीकडे फारशी जागा मिळत नाही, हे आश्चर्य आहे.

पाण्याविषयीचा स्पष्ट हुकूम १९१९ मध्ये निघाला. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, सरकारी इमारती आणि शाळा यांत अस्पृश्यांना मज्जाव करू नये, आणि तसा मज्जाव झाल्यास गावचे पाटील आणि तलाठी यांना जबाबदार धरले जाईल, असे त्यात बजावले होते. मुंबई इलाख्यात सार्वजनिक पाणवठे खुले करणारा सीताराम केशव बोले यांचा ठराव कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला, आणि त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला; या तारखा शेजारी ठेवल्या म्हणजे करवीरचा हुकूम किती आधीचा होता ते दिसते. परंतु हुकूम निघणे आणि गावच्या विहिरीवर घागर भरली जाणे यांत अंतर असते. चवदार तळ्याच्या हक्काचा न्यायालयीन निकाल लागण्यास मार्च १९३७ उजाडावे लागले, यावरून लोकांच्या मनातील विटाळ हुकमाच्या वेगाने हटत नाही हे पुरेसे स्पष्ट होते.

वतनमुक्तीचीही दुसरी बाजू पाहिली पाहिजे. अमेरिकेत जनरल शर्मन याने जानेवारी १८६५ मध्ये मुक्त झालेल्या कुटुंबांना किनारपट्टीवर ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा आदेश काढला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याने ती जमीन पूर्वीच्या मळेवाल्यांना परत मिळवून दिली. मग अर्धलीने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याची जमीन कसण्याचा आणि कर्जात बुडण्याचा मार्ग तेवढा उरला. करवीरच्या महाराला सेवेतून सुटका मिळाली आणि तुकडा त्याच्या नावेही झाला, पण जुडीऐवजी पूर्ण सारा आला, बलुत्याचा आधार सैल झाला, आणि बैलजोडी, मोट किंवा विहीर यांपैकी काहीही हुकमाबरोबर आले नाही. स्वतःच्या नावची जमीन विकताही येते, हे स्वातंत्र्य गरिबाला महागात पडू शकते. तरीही वेठीला नकार देण्याचा हक्क हा जमिनीच्या क्षेत्रफळात मोजता येत नाही, आणि त्या काळच्या नेत्यांनी तो क्षेत्रफळापेक्षा मोठा मानला, यात त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही.

हे सगळे प्रश्न एकत्र मांडले गेले ते कागल जहागिरीतील माणगाव येथे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तेथे अस्पृश्यांची परिषद भरली आणि शाहू छत्रपती स्वतः तिला उपस्थित राहिले. ‘मूकनायक’ हे आंबेडकरांचे पाक्षिक त्याच वर्षी ३१ जानेवारीला सुरू झाले होते आणि त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. परिषदेचे स्मरण आज प्रामुख्याने दोन थोर पुरुषांची भेट म्हणून होते. तिचे ठराव मात्र त्याहून जमिनीवरचे होते. सार्वजनिक रस्ते, विहिरी, तळी आणि शाळा यांचा वापर हा नागरिकत्वाचा हक्क आहे, प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीचे आणि मोफत असावे, मेलेल्या जनावराचे मांस खाणे गुन्हा ठरवावा, आणि वतनी जमिनीचे तुकडे पडत गेल्याने ओढवलेल्या दैन्यावर उपाय व्हावा, अशा मागण्या तेथे झाल्या. पाणी, अन्न, जमीन आणि शाळा यांचा इतका एकत्रित विचार करणारा दस्तऐवज त्या काळच्या महाराष्ट्रात दुसरा शोधावा लागेल. मृत मांसाचा ठराव तर विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण गावच्या स्वच्छतेचे काम एका जातीच्या पोटावर टाकण्याच्या व्यवस्थेला त्या जातीनेच दिलेला तो नकार होता. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातील वॉरन परगण्यात १९८२ मध्ये विषारी रसायनांनी दूषित माती आपल्याच वस्तीशेजारी पुरण्यास कृष्णवर्णीय रहिवाशांनी विरोध केला, आणि तेथून ‘पर्यावरणीय न्याय’ ही संज्ञा, म्हणजे घाण आणि धोका कोणाच्या दारात टाकायचा हे वर्णावरून ठरू नये ही मागणी, जगभर पोहोचली. माणगावचा ठराव त्या आंदोलनाच्या ६२ वर्षे आधीचा आहे.

शाहू छत्रपतींचे ६ मे १९२२ रोजी मुंबईत निधन झाले. मुंबई इलाख्यातील महार वतनांत सुधारणा करण्यासाठी आंबेडकरांनी १९२८ मध्ये विधेयक मांडले. ही वतने प्रत्यक्ष नष्ट करणारा कायदा मात्र १९५८ मध्ये, म्हणजे करवीरच्या हुकमानंतर ४० वर्षांनी झाला. अमेरिकेशी जोडलेला धागाही तुटला नाही: आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला, आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ब्लॅक पँथरचे नाव उघडपणे घेतले. दरम्यान कोल्हापूरच्या नद्यांवर बंधारे झाले, राधानगरीचे पाणी उसाला मिळाले, मोटा अडगळीत गेल्या आणि त्यांच्याबरोबर नाडा वळणाऱ्यांचा धंदाही गेला. बाभळीच्या सालीवर कमावलेल्या कातड्याची वहाण तेवढी टिकून राहिली आणि तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा झाला आहे, आणि पंचगंगेचे प्रदूषण, रंकाळ्याची दशा किंवा २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ही कोल्हापुरातील शिक्षकाच्या हाताशी असलेली उदाहरणे आहेत. त्यांच्या शेजारी ठेवण्यासारखे दुसरे साधनही याच शहरात आहे. संस्थानचे दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जतन झालेले आहे आणि शाहूकालीन कागदपत्रांचे खंड शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने प्रसिद्ध केलेले आहेत. करवीर किंवा कागल तालुक्यातील एखाद्या गावचा १९१८ पूर्वीचा हाडोळा कोठे होता, तो ओढ्याच्या कोणत्या बाजूस पडत होता, नंतर तो कोणाच्या नावे झाला, आणि १९१९ च्या हुकमात आलेली गावची सार्वजनिक विहीर नेमकी कोणती, एवढ्या प्रश्नांची उत्तरे सातबारा, गावनकाशा आणि वस्तीतील वृद्धांच्या सांगण्यातून नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनाही शोधता येतील.